मगमामांचा कारागीर

"पार्टी संपेस्तोवर तोंड उघडलं नाहीस, तर पोरगी तुझी," बाबा म्हणाले आणि पाण्याच्या बाटल्यांची पिशवी त्यांनी दिगंबरच्या खांद्याला अडकवली.

"एवढंच?" दिगंबर म्हणाला.

"एवढंच. चूक काढायची न्हाई. मी दिवसाला रात म्हटलं, तर तू चांदण्या मोजायच्या. जमंल?"

"जमेल की मामा. त्यात काय एवढं."

वेरूळच्या लेण्यांसमोर बस थांबतात तिथे मी सीताफळांची पाटी घेऊन बसले होते आणि हे सगळं ऐकत होते. पार्टी म्हणजे पाहुण्यांचा जथा, आणि पोरगी म्हणजे मी. मला कोणी विचारलं नव्हतं हे खरं, पण खोटं कशाला बोलू, मला तो हवा होता. आणि तरीही दिगंबरचं ते 'त्यात काय एवढं' ऐकून मी मनात म्हटलं, मेलं माझं लग्न.

कारण दिगंबर फुलारेला मी चांगली ओळखत होते. खुलताबादचा, प्राचीन इतिहासात एम.ए. झालेला, औरंगाबादला रोज एसटीने जाऊन फ्रेंच शिकलेला नवा गाईड. दिसायला बरा, मनाने चांगला, पण दुसऱ्याची चूक दिसली की त्याच्या जिभेला खाज सुटायची. आमची ओळख झाली त्या दिवशी त्याने माझ्या पाटीसमोर उभं राहून मला सांगितलं, की सीताफळाचा सीतेशी काही संबंध नाही, हे फळ बाहेरून जहाजातून आलं. मी विचारलं, "घ्यायचंय का?" त्याने दोन घेतली. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, काल सांगितलेल्या माहितीत एक दुरुस्ती आहे. मग तो रोजच येऊ लागला. माणूस असं प्रेम करू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्याच्या अगदी उलट माझे बाबा. कडुबा मिसाळ हे नाव सरकारी बिल्ल्यावर, बाकी सगळं वेरूळ त्यांना मगमामा म्हणायचं. बाबांना एकही परदेशी भाषा येत नव्हती. त्यांना जगातल्या यच्चयावत भाषांमधला फक्त एक शब्द यायचा, तो म्हणजे 'मग'. तेवढ्या भांडवलावर त्यांनी उभा जन्म काढला.

"नमस्कार, आभार, हे शब्द पाहुण्याला खूश करायचे," ते नव्या गाईडांना सांगायचे. "पाहुण्याला चालवायचं आसंल तर 'मग' पाहिजे. बाकी हात आहेत, डोळे आहेत. राजा दाखवता येतो, हत्ती दाखवता येतो, मरण दाखवता येतं. 'मग' तेवढं हातानं दाखवता येत न्हाई."

हा शब्द ते मिळवायचे कसे, तेही बघण्यासारखं होतं. पार्टी बसमधून उतरली, की बाबा पहिल्या माणसासमोर उभे राहायचे. खोटा घास तोंडात घालायचे, चावायचे, गिळायचे, थांबायचे. नंतर दुसरा खोटा घास घ्यायचे. आणि मग त्या दोन घासांच्या मधल्या रिकाम्या हवेकडे बोट दाखवून भुवया उडवायचे. बहुतेकांना कळायचं. फ्रेंचांनी त्यांना 'ए प्वी' दिलं, जर्मनांनी 'उंट दान', इटलीवाल्यांनी 'ए पोई', जपान्यांनी 'सोरेकारा', रशियनांनी 'आ पतोम', चिन्यांनी 'रान्होउ'. एका पोलिश बाईचा घोटाळा झाला आणि तिने 'भूक लागली' याचा शब्द सांगितला. त्या वर्षी वेरूळला आलेल्या सगळ्या पोलिश लोकांनी बाबांना बिस्किटं खाऊ घातली. बाबांना वाटलं, फार मायाळू देश.

दिगंबर यावर त्यांच्याशी वाद घालायचा. "मामा, तुम्ही समजता तसा हा एकच शब्द सगळीकडे नसतो. जपानीत दोन वस्तू जोडायचा शब्द वेगळा, दोन वाक्यं जोडायचा वेगळा. आणि इंडोनेशियन लोकांचा 'तेरुस' म्हणजे नुसतं 'मग' नाही, 'सरळ जात राहा' असंही आहे."

"बरोबरच हाय की. मीबी त्यांना तेच सांगतो. सरळ चाला."

"आणि काही भाषांत तर 'आणि'ला शब्दच नाही. दोन नावं नुसती शेजारी ठेवतात."

"मग त्या लोकांत लग्नं जमतात का न्हाई?" बाबांनी विचारलं.

"जमतात."

"झालं तर."

वाद असा संपायचा. मी मधे बसून दोघांना सीताफळं द्यायचे, म्हणजे निदान तोंडं गुंतायची.

त्या दिवशी आलेली पार्टी तुर्कस्तानातली होती. चांगली बसभर माणसं, बहुतेक वयस्कर, बायकांच्या डोक्याला फुलाफुलांचे रुमाल. त्यांचा दुभाषा औरंगाबादच्या हॉटेलात पोट धरून पडला होता, कारण आदल्या रात्री त्याने ठेचा चटणी समजून नव्हे, भाजी समजून खाल्ला होता. तुर्की येणारा गाईड वेरूळला कुठून असणार? इंग्रजी, हिंदी, फ्रेंच, सगळं करून झालं, कोणालाच काही कळेना. पिंपळाखाली बसलेल्या गाईडांनी माना फिरवल्या. बाबा उठले, एका जाड्या आजीबाईसमोर उभे राहिले आणि घास खाऊ लागले. आजीबाईंनी डोळे बारीक करून सगळं पाहिलं. मग म्हणाल्या, "सोनरा?"

"सोनरा!" बाबा म्हणाले. "चला."

मी पाटी शेजारच्या हौसाआत्याच्या हवाली केली आणि पार्टीच्या मागे निघाले. माझ्याच जन्माचा निकाल लागत असताना मी काय सीताफळं विकत बसू?

आता आमच्याकडच्या गाईडांचा एक नियम इथे सांगून ठेवते. तो कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला कोणी पाहिला नव्हता. दुसऱ्याची पार्टी चालू असताना त्याने कितीही थापा मारल्या, तरी मधे बोलायचं नाही. एखादा म्हणाला, की ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, तर शेजारच्याने घड्याळाकडे बघायचं. आणि कोणी मधे बोलून गोष्ट मोडलीच, तर 'ज्यानं मोडली त्यानं वाहायची'. म्हणजे तिथून पुढे ती पार्टी त्याची. शेवटपर्यंत नेऊन दाखवायची, नाहीतर त्या हंगामात पिंपळाखाली बसायचं नाही.

दिगंबरने सुरुवात बरी केली. सुताराच्या झोपडीत, म्हणजे दहाव्या लेण्यात, बाबांनी बुद्धाची मूर्ती दाखवून ती घडवणाऱ्याला गुडघेदुखी होती म्हणून मूर्ती बसलेली आहे, असं सगळं हातवारे करून समजावलं. दिगंबरने खालचा ओठ दातांत धरला. पंधराव्या लेण्यात बाबांनी एका देवाचं नाव दुसऱ्या देवाला दिलं. दिगंबरने पिशवीतली एक बाटली काढून सबंध पिऊन टाकली. मी मागून त्याची मान बघत होते. ती लाल झाली होती. पण तोंड बंद होतं, आणि मला पहिल्यांदाच वाटलं, की कदाचित जमेल.

वाटेतल्या नळाला पाणी नव्हतं. जाड्या आजीबाईंनी तोटी फिरवली, खडखड आवाज आला, त्यांनी मान वर फेकून जिभेने 'च्' केलं आणि म्हणाल्या, "सू योक." बाबांनी लगेच तोटीकडे बोट दाखवलं, "योक?" आजीबाईंनी रिकाम्या बादलीकडे दाखवलं, "योक." आपल्या रिकाम्या बाटलीकडे दाखवलं, "योक." बाबा खूश झाले. एका दिवशी दोन शब्द त्यांना क्वचितच मिळत. दिगंबरकडच्या बाटल्यांतलं पाणी त्यांनी वाटून टाकलं आणि पार्टी कैलास लेण्यात शिरली.

कैलास म्हणजे बाबांचा हुकमी एक्का. सगळा डोंगर वरून खाली कोरत आणलेला, आधी कळस आणि शेवटी पाया. हे खरंच तसं आहे, कोणीही येऊन बघावं. पण ते वरून खाली का कोरलं, याचं बाबांचं कारण जगात फक्त त्यांच्याकडेच होतं.

हत्तीजवळ उभे राहून ते सुरू झाले. अर्धी हिंदी, अर्धे हात. 'मिस्तरी' म्हटलेलं तुर्कांना कळलं नाही, 'उस्ताद' म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. हा उस्ताद होता. त्याची एक बायको होती. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. बाबांनी एका बाजूला उभं राहून उस्तादाचं भांडण केलं, दुसऱ्या बाजूला जाऊन, धोतराचा सोगा डोक्यावर घेऊन, बायकोचं. पार्टीतले नवरे बायकांकडे बघून हसायला लागले.

"सोनरा!" बाबा म्हणाले.

सोनरा, उस्ताद रुसला. ताडताड चालत डोंगरावर गेला आणि माथ्यावर जाऊन बसला. म्हणाला, तू हाक मारल्याशिवाय खाली येणार नाही. आणि बायको खाली. तीही तसलीच. म्हणाली, तू आल्याशिवाय हाक मारणार नाही.

"सोनरा!" एक म्हातारा म्हणाला. पार्टी आता घट्ट गोळा झाली होती.

सोनरा, पोटात भूक, अंगात थंडी, खाली चुलीचा धूर दिसतोय. उतरावं तर नाक कापलं जातंय. मग उस्तादाने काय केलं? छिन्नी घेतली आणि पायाखालचा दगड फोडायला लागला. जाऊन सांगेन, मी काही तुझ्यासाठी उतरलो नाही, काम करत करत खाली पोचलो. सोनरा, कळस झाला. तिने हाक मारली नाही. सोनरा, सज्जा झाला. हाक नाही. सोनरा, खांब झाले, सिंह झाले, हत्ती झाले. एवढं मोठं देऊळ जगात झालं, ते एका रुसलेल्या नवऱ्याला खाली यायला निमित्त पाहिजे होतं म्हणून झालं.

ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की मला त्यातलं भांडण झोपेतही म्हणून दाखवता आलं असतं. तिला शेवट नव्हता. हत्तींपर्यंत उस्ताद आला, की बाबा पार्टीला तिथून उठवून चुलत्यांच्या हिमरू शालींच्या दुकानात नेत, आणि शालींच्या भावावरून उस्ताद सगळ्यांच्या डोक्यातून जात असे.

"ती बाई," बाबा त्या दिवशी आपल्या मराठमोळ्या हिंदीत म्हणाले, "लई सुंदर. लई जिद्दी. इथं, ह्या जागी तिची चूल—"

"मामा, अशी कोणी बाई नव्हती."

सगळं थांबलं. दिगंबर स्वतःच्याच आवाजाने दचकला होता. पण तोंड एकदा उघडलं म्हटल्यावर त्याला ते मिटता येईना. "म्हणजे, राष्ट्रकूटांचे ताम्रपट आहेत, त्यात राजाचा उल्लेख आहे, कारागिराचाही आहे एका ठिकाणी, पण त्याची बायको वगैरे कुठेच नाही. अशी बाई नव्हतीच. तुम्ही काहीही सांगा, पण आता जागासुद्धा दाखवायला लागलात..."

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, हसतील. त्यांना लोक तोंडावर थापाड्या म्हणत आणि ते तंबाखूचा बार भरत म्हणत, 'थापेत बळ लागतं, खरं काय पडलेलंच असतं.' पण ते हसले नाहीत. डोक्यावरचा धोतराचा सोगा त्यांनी खाली घेतला, नीट खोचला आणि हत्तीच्या पायाशी जाऊन बसले.

"मोडली," ते म्हणाले. "ने आता."

"मामा, चुकलं माझं. तुम्हीच सांगा पुढे."

"ज्यानं मोडली त्यानं वाहायची. ने."

दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. मग तो बिचारा पार्टीसमोर उभा राहिला आणि त्याला येतं ते त्याने सांगायला सुरुवात केली. आठवं शतक. राष्ट्रकूट घराणं. किती टन दगड काढला. इंग्रजीत, हळूहळू, एकेक शब्द मोठ्याने, जणू तुर्कांना ऐकू कमी येत होतं. सगळं खरं होतं. एक म्हातारा माकडांचे फोटो काढायला गेला. दोन बायकांनी संत्री सोलली. कोणी बूट काढून खडा झटकू लागलं. दिगंबरने आवाज वाढवला, तशी उरलेली माणसंही पांगली. आणि जाड्या आजीबाई तुरुतुरु चालत बाबांपाशी जाऊन, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"एऽ? सोनरा?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली.

दिगंबर माझ्याजवळ आला. "मंदा, तूच सांग, मी खोटं काय बोललो?"

माझं नाव मंदोदरी. कैलासातला रावण बाबांचा लाडका, आणि त्याच्या बायकोची कोणी विचारपूस करत नाही म्हणून बाबांनी ते मला दिलं. रावणाच्या बायकोला शोभेल असा राग मला त्या क्षणी आला.

"तुम्ही खोटं बोलतच नाही," मी म्हटलं. "तुम्हाला गप्प बसायचं होतं. एवढं एकच काम होतं. माझ्यासाठी एक तास तोंड बंद ठेवता आलं नाही तुम्हाला?"

"पण ती बाई..."

"खड्ड्यात गेली ती बाई! मी आहे ना? मी तरी आहे का कुठल्या ताम्रपटात? नाही ना? मग मीही नाही समजा. पुन्हा माझ्या पाटीसमोर उभे राहू नका."

नको तेव्हा बोलला आणि हवं तेव्हा गप्प बसला. रिकाम्या बाटल्यांची पिशवी तशीच खांद्याला घेऊन तो बाहेर पडला. लेण्याच्या बाजूने डोंगरावर जाणारी पायवाट आहे, वरून सबंध कैलास दिसतो. थोड्या वेळाने माथ्यावर, अगदी कड्याला, तो बसलेला मला दिसला. मी मान खाली घातली.

इकडे आजीबाई हटायला तयार नव्हत्या. बाबा उठले आणि दुकानाच्या दिशेने हात केला. "शॉल. हिमरू. बहुत अच्छा." आजीबाईंनी मान वर फेकून 'च्' केलं. "योक." त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या. संत्री, माकडं, बूट, सगळं सोडून माणसं परत आली आणि बाबांभोवती जमिनीवर बसली. मला वाटतं, अशी वेळ बाबांवर कधी आली नव्हती. सगळी पार्टी एका सुरात म्हणाली, "सोनरा?"

"शेवट न्हाई त्याला," बाबा मराठीत म्हणाले. मराठीत म्हणाले म्हणजे मलाच म्हणाले.

"मग करा काहीतरी एक," मी म्हटलं. "आली म्हणावं हाक. बसा म्हणावं जेवायला. थापच मारायची तर गोड मारा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते पार्टीकडे वळले.

सोनरा, त्यांनी दाखवलं, उस्तादाने शेवटचा हत्ती कोरला. पाय जमिनीला लागले. त्याने अंगावरची धूळ झटकली. केस नीट केले. काय बोलायचं ते मनातल्या मनात घोकलं, एकदा ताठ होऊन, एकदा मऊ होऊन. बायका हसल्या. सोनरा, तो चुलीकडे गेला. चुलीत हात घातला. राख गार होती. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग बाबांनी तोंडाभोवती हात धरून खरीच हाक मारली. हाक कातळावर आपटली आणि फिरून आली. त्यांनी ज्या नावाने हाक मारली, ते माझ्या आईचं होतं.

"सुभद्राऽ!"

कोणी हसलं नाही.

"उस्ताद की बीवी," बाबा म्हणाले, "योक."

आजीबाईंनी तोंडावर हात ठेवला. बाबा थांबले नाहीत. त्यांनी हात खाली केला, गुडघ्याच्या जरा वर, जणू तिथे कोणीतरी लहान मूल उभं आहे आणि त्यांनी त्याचं बोट धरलं आहे. तसेच ते उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

आई गेली तेव्हा मी तेवढीच होते. काविळीने गेली. बाबा तेव्हा आग्र्याला होते, हे मला ठाऊक होतं. 'धंद्यासाठी गेलता,' असं हौसाआत्या सांगायची, आणि गाईड आग्र्याला जाणार नाही तर कुठे जाणार, म्हणून मीही कधी विचारलं नव्हतं.

मी त्यांच्याजवळ गेले. "भांडून गेला होतात?"

"लई किरकोळ भांडण व्हतं," बाबा म्हणाले. "भाजीत मीठ जास्त पडलं का कमी, आता आठवतबी न्हाई. म्हटलं, तिचं कार्ड आल्याशिवाय परतायचं न्हाई. रोज लोकांना ताजमहाल दाखवायचा आणि सांजच्याला पोस्टात जाऊन बघायचं. ती आजारी पडली, पण तिनंबी कळवू दिलं न्हाई कुणाला. म्हणली, आपसूक येऊ दे. तार आली ती तुझ्या आत्याची."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"सांगत तर व्हतो. रोज सांगत व्हतो. शेवट तेवढा जमत नव्हता."

मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदमच. इतकी वर्षं मी त्या बाईच्या भांडणाला हसत आले होते. बाबा सोगा डोक्यावर घेऊन तिच्या आवाजात किंचाळायचे, मान झटकायचे, तेव्हा मी पोट धरून हसायचे. माझ्याजवळ आईचा एक फोटो नव्हता, आवाज आठवत नव्हता, आणि बाबा मला रोज तिला करून दाखवत होते.

आजीबाई उठल्या. आपला फुलाफुलांचा रुमाल त्यांनी सोडला आणि बाबांचे डोळे पुसले, अगदी शेंबड्या पोराचे पुसतात तसे. बाबांनी पुसू दिले. मग त्या माझ्याकडे वळल्या, हाताने माझी उंची मोजून बाबांनी दाखवलेल्या उंचीशी ताडून पाहिली आणि मान डोलावली. त्यांना सगळं कळलं होतं. एवढी विद्वान मंडळी वेरूळ बघून गेली, पण त्या लेण्यातलं सगळं कळलेल्या त्याच एक.

"मंदे," बाबा म्हणाले, "ते येडं वर बसलंय का अजून?"

"बसलंय."

"बोलव त्याला."

"तुम्ही म्हणाला होतात, तोंड उघडलं तर..."

"उघडलं तर उघडलं. जे बोलतंय ते निदान कळतं तरी. गप बसणारा बघितलायस ना घरात? बोलव."

"तुम्हीच बोलवा की."

"मी सासरा हाय," बाबा म्हणाले. "मला माझा मान हाय."

आमच्याकडे त्या काळी बाई चारचौघांत पुरुषाला नावाने हाक मारत नसे. लग्न झालेल्या तर मुळीच नाही, आणि न झालेल्यांनी मारली, तर त्यांचं व्हायचं नाही. फाटकात पिंपळाखालचे गाईड येऊन उभे राहिले होते. हौसाआत्या माझी पाटी डोक्यावर घेऊन तमाशा बघायला आली होती. वर कड्यावर तो गुडघ्यांत मान घालून बसला होता, आणि मला पक्कं माहीत होतं, की मी पाटीसमोर येऊ नका म्हटलंय तर तो येणार नाही. आणि मीही हाक मारली नाही, तर उस्तादाच्या बायकोसारखी माझी गोष्ट कोणी सांगणारही नव्हतं. मी अंगणाच्या मधोमध गेले, पदर खोचला आणि सगळा जीव एकवटून ओरडले.

"दिगंबर!"

तो कड्यावरून वाकला. "काय?"

"खाली या!"

"मामा म्हणाले का?"

"मी म्हणते!"

तो कड्यावरून दिसेनासा झाला. पायवाटेने यायला वेळ लागतो, मोठा वळसा आहे. तुर्क मंडळी फाटकाकडे तोंड करून उभी राहिली होती. तो आला तो मधल्या काट्याकुट्यांतून घसरत आल्यासारखा आला. सदरा फाटलेला, कोपराला रक्त, आणि पायात एकच चप्पल. धापा टाकत तो माझ्यासमोर उभा राहिला. दुसरी चप्पल कुठे, कशी आणि नेमकी कोणत्या दगडापाशी पडली, ते तो मला सांगू लागला.

"राहू दे," मी म्हटलं. "नंतर सांग."